शाळेत स्पीच थेरपिस्ट किंवा ऑडिओलॉजिस्ट व्हायचंय? नोंदणी, नेमणूक आणि पहिल्या टर्मपर्यंतची वाट

भारतात ‘शाळेत काम करण्याचा’ असा वेगळा परवाना स्पीच थेरपिस्टला किंवा ऑडिओलॉजिस्टला घ्यावा लागत नाही. हॉस्पिटल असो, कर्णबधिर विद्यालय असो, पुण्यातली एखादी सीबीएसई शाळा असो की स्वतःचं क्लिनिक, नोंदणी एकच: भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आपण ज्याला आरसीआय म्हणतो तिची. ती एकदा झाली की महाराष्ट्रात, गोव्यात, कर्नाटकात, देशात कुठेही चालते.

मग अडतं कुठे? अडतं ते शाळेच्या ऑफिसात. ही नोंदणी मागायची असते हेच पुष्कळ शाळांना माहीत नसतं. मुलाखतीत विचारतात, ‘बी.एड. झालंय का?’ नेमणूक पत्रावर ‘स्पेशल एज्युकेटर’ लिहितात, कामं चार माणसांची सांगतात. नवीन मूल कॉलेजातून बाहेर पडलेलं असतं, नोकरी हवी असते, सही करून मोकळं होतं. त्यामुळे कायदा काय म्हणतो आणि आपल्या नावापुढे काय लिहिलं जातंय, हे बघण्याची जबाबदारी बहुतेक वेळा तुमच्यावरच येऊन पडते. लेख त्यासाठीच आहे. बारावीत असाल तर सुरुवातीपासून वाचा. इंटर्नशिप संपत आली असेल तर नोंदणीच्या भागापासून वाचलंत तरी चालेल.

आधी हे ठरवा: तुम्हाला नक्की कोण व्हायचंय

शाळेत मुलाच्या बोलण्या-ऐकण्याशी संबंधित तीन-चार वेगवेगळी माणसं असू शकतात आणि बाहेरून ती सगळी सारखीच दिसतात.

ऑडिओलॉजिस्ट ऐकणं तपासतो, श्रवणयंत्र बसवून त्याचं प्रोग्रॅमिंग करतो, कॉक्लिअर इम्प्लांट (कानाच्या आत शस्त्रक्रियेनं बसवलेलं ऐकण्याचं यंत्र) झालेल्या मुलाचं मॅपिंग, म्हणजे ते यंत्र त्या मुलाला जुळवून देणं, आणि पुढचा पाठपुरावा बघतो. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रोजच्या भाषेत स्पीच थेरपिस्ट, हा उच्चार, भाषा, तोतरेपणा, आवाज आणि खाणं-गिळणं यांवर काम करतो. आपल्याकडे पदवी दोन्हींची मिळून एकच आहे: बीएएसएलपी, म्हणजे बॅचलर इन ऑडिओलॉजी अँड स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी. पदव्युत्तर पातळीवर वाटा फुटतात, एम.एस्सी. ऑडिओलॉजी वेगळं आणि एम.एस्सी. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी वेगळं. बीएएसएलपीवर दोन्ही कामं स्वतंत्रपणे करता येतात, म्हणून शाळेच्या नोकरीला पदवी पुरते. मास्टर्स केलेलं चांगलंच, पण कायद्यानं त्याची अट नाही.

स्पेशल एज्युकेटर हा तिसरा माणूस. त्याची पात्रता डी.एड. किंवा बी.एड. विशेष शिक्षण. त्याची नोंदणीही आरसीआयकडेच असते, पण प्रवर्ग निराळा. बीएएसएलपीवाला स्पेशल एज्युकेटर नव्हे आणि स्पेशल एज्युकेटर स्पीच थेरपिस्ट नव्हे. हे वाक्य शाळेत बरेचदा म्हणावं लागेल, आत्ताच पाठ करून ठेवा.

चौथा प्रकार डिप्लोमावाल्यांचा. डीएचएलएस हा श्रवण, भाषा आणि वाचा यांवरचा एक वर्षाचा डिप्लोमा. त्यातून चांगले साहाय्यक तयार होतात, ग्रामीण भागात त्यांच्याशिवाय पानही हलत नाही. पण निदान करून अहवालावर स्वतंत्र सही करण्याची ती पात्रता नव्हे. श्रवणयंत्र दुरुस्ती आणि कानाचा साचा तयार करणाऱ्या तंत्रज्ञांचा डिप्लोमा आणखी वेगळा.

आणि हो, शनिवार-रविवारचे ‘चाइल्ड स्पीच थेरपी सर्टिफिकेट कोर्स’ हल्ली उदंड झालेत. पालकांना घरी काय करावं हे शिकवायला ते ठीक असतील. त्यावर नोंदणी होत नाही. बीएएसएलपी दूरशिक्षणानंही होत नाही, कोणी तसं सांगत असेल तर पैसे भरू नका.

पदवी

बीएएसएलपी एकूण चार वर्षांचं: तीन वर्षं अभ्यास आणि क्लिनिक, त्यानंतर इंटर्नशिप. बारावी विज्ञान शाखेतून व्हायला हवी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी, म्हणजे नाशिकच्या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतले प्रवेश नीट-यूजीच्या गुणांवर सीईटी सेलच्या केंद्रीय प्रक्रियेतून होतात. एमबीबीएस, बीडीएस, फिजिओथेरपी यांच्या याद्या जिथे लागतात तिथेच खाली बीएएसएलपी असतं. बहुतेकांना त्याचा शोध तिथेच लागतो, हेही खरं. अभिमत विद्यापीठं आणि बाहेरच्या राज्यांतल्या संस्था आपापले नियम लावतात; त्या त्या वर्षाचं माहितीपत्रक वाचण्याला पर्याय नाही.

संस्था कोणत्या? मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. ती १९८३ साली सुरू झाली. नाव महाराष्ट्राच्या माजी राज्यपालांचं. मुंबई सेंट्रलला नायर हॉस्पिटलची ऑडिओलॉजी व स्पीच थेरपीची शाळा आहे, ती देशातल्या जुन्या शाळांपैकी. पुण्यात भारती विद्यापीठाचं स्कूल आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था, जिला सगळे ‘आयीश’ म्हणतात, ती या क्षेत्रातली पंढरी.

कॉलेज निवडताना फी आणि हॉस्टेल सगळेच बघतात. त्याआधी एक गोष्ट बघा: तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेताय त्या वर्षासाठी त्या कॉलेजला, त्याच अभ्यासक्रमासाठी, परिषदेची मान्यता आहे का. ही मान्यता कायमची नसते, ठरावीक शैक्षणिक वर्षांसाठी मिळते आणि नूतनीकरण करावं लागतं. विद्यापीठाची संलग्नता असली तरी परिषदेची मान्यता वेगळी हवी. मान्यता नसलेल्या वर्षात घेतलेला प्रवेश चार वर्षांनी नोंदणीच्या वेळी गळ्याशी येतो, आणि तेव्हा कॉलेज हात वर करतं. मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर असते. तिची त्या दिवसाची प्रत काढून फाइलमध्ये लावा.

शाळेतच काम करायचं ठरलं असेल तर इंटर्नशिपमध्ये शाळेची पोस्टिंग मागून घ्या. हॉस्पिटलात मूल आईच्या मांडीवर बसून येतं आणि खोली शांत असते. शाळेत पी.टी.चा तास चालू असतो, बाजूच्या वर्गात पाढे चाललेले असतात आणि तुम्हाला दिलेली खोली दुपारनंतर भांडार असते. दोन्ही कौशल्यं निराळी आहेत.

नोंदणी: सगळा लेख इथे येऊन थांबतो

भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ चा. अंमलात आला जून १९९३ मध्ये. पुनर्वास व्यावसायिक कोणाला म्हणायचं याची यादी या कायद्यात आहे आणि त्या यादीत पहिलंच नाव आहे ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट. म्हणजे हा आपल्यासाठी कुठून तरी ओढून आणलेला कायदा नाही, आपल्यापासूनच सुरू झालेला आहे.

परिषद केंद्रीय पुनर्वास नोंदवही ठेवते. तिला सगळे इंग्रजी आद्याक्षरांनी सीआरआर म्हणतात आणि पुढे मीही तेच म्हणतो. कायद्याचं कलम १३ स्पष्ट आहे. मान्य पात्रता आणि सीआरआरमध्ये नाव असल्याशिवाय तुम्हाला सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या आस्थापनेत पुनर्वास व्यावसायिकाचं पद धरता येत नाही, देशात कुठेही व्यवसाय करता येत नाही, कायद्याला लागणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही, न्यायालयात तज्ज्ञ म्हणून साक्ष देता येत नाही. मोडलं तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शहरातल्या काही क्लिनिकांत आज एका सेशनची फीच तेवढी आहे. दंडाचा धाक कोणाला वाटत असेल असं मला वाटत नाही, पण कैदेची तरतूद आहे हे शाळेच्या ट्रस्टींना सांगितलं की कागद भराभर हलतात.

अर्ज ऑनलाइन असतो. इंटर्नशिप पूर्ण झाल्याचं प्रमाणपत्र आणि पदवी किंवा तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र हातात आलं की लगेच करा. सोबत लागतात: दहावीचं प्रमाणपत्र जन्मतारखेसाठी, बारावीची गुणपत्रिका, सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो, सही आणि शुल्क. शुल्क आणि कागदांची नेमकी यादी अर्ज भरताना पोर्टलवर असेल तीच खरी मानायची. दोन वर्षांपूर्वीच्या सीनियरनं पाठवलेला व्हॉट्सॲप मेसेज नव्हे.

अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली आहेत. सगळ्यात मोठं कारण नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, आधारवर नाव आधी, पदवीवर वडिलांचं नाव गळलेलं, आणि मधल्या काळात लग्न झालं असेल तर चौथंच आडनाव. महाराष्ट्रात हा घोळ घरोघरी असतो. नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद किंवा विवाह प्रमाणपत्र अर्जाआधीच तयार ठेवा. दुसरं कारण एटीकेटी: नापास झालेल्या सत्राची जुनी आणि उत्तीर्ण झालेली नवी, दोन्ही गुणपत्रिका जोडा. तिसरं म्हणजे अस्पष्ट स्कॅन. मोबाइलवर काढलेल्या फोटोत विद्यापीठाचा शिक्का वाचता आला नाही तर अर्ज तपासणारा माणूस तरी काय करणार.

सीआरआर क्रमांक येईपर्यंत काय करायचं? वरिष्ठ नोंदणीकृत व्यक्तीच्या देखरेखीखाली काम करा. अहवाल त्यांच्या सहीनं जाऊ द्या. ‘अर्ज केलाय, नंबर येईलच’ म्हणून स्वतंत्र मुलं घेणं, तेही शाळेत, हे करू नका.

एम.एस्सी. झाल्यावर वाढीव पात्रतेची नोंद करून घ्यायची असते. पुष्कळजण कंटाळा करतात आणि मग जाहिरातीत ‘पदव्युत्तर पात्रता सीआरआरवर नोंदलेली हवी’ असं आलं की धावपळ.

भारतीय वाक् व श्रवण संघटना, म्हणजे ‘ईशा’, हिचं सभासदत्व जरूर घ्या. परिषदा होतात, माणसं भेटतात, नोकऱ्या कळतात. पण ते व्यावसायिक संघटनेचं सभासदत्व आहे, परवाना नव्हे. शाळेला देताना दोन्ही कागद एकत्र लावले तर सीआरआर वर ठेवा.

शाळेतली जागा शोधताना

सगळ्या शाळा एकसारख्या नाहीत, आणि नेमणूक कोण करतं यावर तुमचं पुढचं आयुष्य ठरतं.

अनुदानित कर्णबधिर आणि मतिमंद विद्यालयं राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाखाली येतात. हा स्वतंत्र विभाग राज्यानं डिसेंबर २०२२ मध्ये काढला; त्याआधी सगळं सामाजिक न्याय विभागाकडे होतं. आयुक्तालय पुण्यात. इथे स्पीच थेरपिस्टचं पद मंजूर असेल तर पगार अनुदानातून येतो. पद मंजूर आहे का, भरायला परवानगी आहे का आणि तुमच्या नावानं वैयक्तिक मान्यता निघाली का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. संस्थाचालक पहिल्याचं उत्तर देतात आणि तिन्हींचं दिल्यासारखं दाखवतात. मान्यतेचं पत्र स्वतःच्या डोळ्यांनी बघा. मान्यतेविना वर्षानुवर्षं मानधनावर राबणारी माणसं या क्षेत्रात कमी नाहीत.

दुसरी वाट आरोग्य खात्याची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याची पथकं अंगणवाड्या आणि सरकारी शाळांत जाऊन १८ वर्षांपर्यंतची मुलं तपासतात. संशयित मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात येतात आणि त्या केंद्रात ऑडिओलॉजिस्ट-कम-स्पीच थेरपिस्टचं पद असतं. नोकरी कंत्राटी, पण मुलं भरपूर बघायला मिळतात. पहिल्या दोन वर्षांत हात बसायला यासारखी जागा नाही, असं माझं मत. समग्र शिक्षाखाली गट साधन केंद्राच्या पातळीवर मात्र मुख्यतः विशेष शिक्षक असतात. त्यांच्याशी जुळवून घ्या, कारण गावातलं मूल सगळ्यात आधी त्यांनाच सापडतं.

तिसऱ्या खासगी शाळा: सीबीएसई, आयसीएसई, आयबी. इथे जपून. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ च्या निकालात विशेष शिक्षकांच्या प्रमाणाविषयी निर्देश दिले: प्राथमिकला १० दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक, त्यावरच्या वर्गांना १५ मागे एक. सीबीएसईही संलग्न शाळांकडून स्पेशल एज्युकेटर मागते. यात स्पीच थेरपिस्टचा उल्लेख नाही. म्हणून शाळेच्या डोक्यात हिशेब असा असतो की एकच माणूस घ्यावा, कागदावर स्पेशल एज्युकेटर दाखवावा आणि थेरपीही त्याच्याकडूनच करून घ्यावी. पगार ठीक असतो, खोली वातानुकूलित असते, मोह होतो. पण तुमची नोंदणी त्या प्रवर्गात नाही. तपासणी आली की शाळा म्हणेल, ‘मॅडमनी आम्हाला सांगितलं नाही.’ नेमणूक पत्रावर पदनाम तुमच्या नोंदणीशी जुळणारं असलंच पाहिजे. पत्रावर सीआरआर क्रमांकही घालून घ्या. त्यानं पुढचे अर्धे वाद मिटतात.

आठवड्यातून दोन दिवस येणारा व्हिजिटिंग थेरपिस्ट म्हणून सुरुवात करणारे पुष्कळ आहेत. वाईट नाही ते. फक्त फी शाळेकडून घ्यायची की पालकांकडून, मूल गैरहजर असेल तर काय, आणि मुलाच्या नोंदी कोणाच्या ताब्यात राहतील, हे आधी लिहून घ्या.

कामाला लागण्याआधीचे कागद

पोलीस पडताळणी करून घ्या, शाळेनं मागो न मागो. तुम्ही बंद खोलीत लहान मुलासोबत एकटे बसणार आहात. खोलीच्या दाराला काच असावी, नसेल तर दार उघडं. हे तुमच्याही रक्षणासाठी आहे.

पॉक्सो कायदा २०१२ नीट वाचा. लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी भीती वाटली तर पोलिसांना कळवणं कलम १९ प्रमाणे बंधनकारक आहे, न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा. ‘आधी प्रिन्सिपलला सांगते, मग बघू’ यानं तुमची जबाबदारी संपत नाही. बोलता न येणारी मुलं जे कोणालाच सांगू शकत नाहीत ते पुष्कळदा थेरपीच्या खोलीतच पहिल्यांदा चित्रांतून, खुणांतून बाहेर येतं.

तपासणीपूर्वी पालकांची लेखी संमती, मराठीत. पालक मराठी वाचत नसतील तर त्यांच्या भाषेत. छाननी आणि निदान यांत फरक काय, हे त्या कागदावर दोन ओळींत सांगा.

ऑडिओलॉजिस्टला यंत्राचाही एक परवाना असल्यासारखं बघावं लागतं. ऑडिओमीटरचं, म्हणजे ऐकणं मोजणाऱ्या यंत्राचं, कॅलिब्रेशन प्रमाणपत्र वर्षभराच्या आतलं असू द्या. शाळेतल्या छाननीसाठी १०००, २००० आणि ४००० हर्ट्झ हे तीन स्वर वापरतात. गोंगाटाच्या वर्गात २० डेसिबलची पातळी धरून बसलात तर निम्मी शाळा नापास होईल, म्हणून खोली निवडणं हीच अर्धी तपासणी. रस्त्यापासून लांब, वरचा मजला, पंखा बंद. शाळेतली छाननी म्हणजे निदान नव्हे; नापास मुलाची संपूर्ण तपासणी ध्वनिरोधक खोलीतच व्हायला हवी.

अहवाल आणि सही

तुमच्या परवान्याची किंमत अहवालात कळते. खाली पूर्ण नाव, पात्रता, सीआरआर क्रमांक, तारीख. एवढंच. बीएएसएलपीवर नावाआधी ‘डॉ.’ लावू नका, पीएच.डी. झाल्यावर लावा.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे. श्रवणाच्या बाबतीत दोन्ही कानांत ७० डेसिबल किंवा जास्त ऱ्हास म्हणजे बधिर, आणि दोन्ही कानांत ६० ते ७० म्हणजे कमी ऐकू येणारा. आता तुमच्यासमोर ४५ डेसिबल ऱ्हास असलेली चौथीतली मुलगी आहे, किंवा एकाच कानानं ऐकणारा मुलगा. कायद्याच्या व्याख्येत ते बसत नाहीत. वर्गात मागच्या बाकावर बसलं तर त्यांचं निम्मं शिकणं वाया जातं. अशा मुलांसाठी ‘प्रमाणपत्रास पात्र नाही’ एवढं लिहून थांबणारा अहवाल मला निरुपयोगी वाटतो. कुठे बसवायचं, शिक्षकांनी फळ्याकडे तोंड करून बोलू नये, श्रुतलेखनाचं काय करायचं, श्रवणयंत्राची गरज आहे का, हे सगळं लिहा. त्याला प्रमाणपत्र लागत नाही, तुमची सही पुरते.

वाचा आणि भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या आणखी अरुंद आहे: स्वरयंत्र काढणं, अफेझिया (मेंदूला इजा होऊन भाषा जाणं) अशा शारीरिक किंवा मेंदूच्या कारणांनी आलेलं कायमचं दिव्यांगत्व. तोतरं बोलणाऱ्या मुलाचे पालक ‘सर्टिफिकेट द्या’ म्हणून येतील. तुम्ही ते देऊ शकत नाही. प्रमाणपत्र वैद्यकीय प्राधिकाऱ्यानं द्यायचं असतं, तुमचा अहवाल त्याचा आधार असतो. हे नीट समजावून सांगा, टोलवू नका.

बोर्डाच्या सवलती, जसं की जादा वेळ किंवा भाषा विषयातली सूट, यासाठीही कागद लागतात. दहावीच्या जानेवारीत धावत येणारे पालक दरवर्षी असतात. आठवी-नववीतच मुख्याध्यापकांकडे यादी देऊन ठेवा.

मराठी मुलांच्या बाबतीत एक गोष्ट मात्र पुस्तकात कमी आणि वर्गात जास्त भेटते. ग्रामीण घरातलं मूल ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतं. विदर्भातलं मूल ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणेल. शहरातली शिक्षिका ते मूल उच्चारदोष म्हणून तुमच्याकडे पाठवते. आई-वडील, आजी, शेजारी कसे बोलतात ते ऐकल्याशिवाय ण, ळ यांवर दोषाचा शिक्का मारू नका. घरची बोली म्हणजे विकार नाही आणि बोली सुधारण्यासाठी तुमचा परवाना नाही. याउलट ‘काका’ला ‘ताता’ म्हणणारं पाच वर्षांचं मूल कुठल्याही बोलीतलं असो, त्याला तुमची गरज आहे. तसंच घरी मराठी, शाळेत इंग्रजी आणि बिल्डिंगमध्ये हिंदी असलेल्या मुलाची तपासणी फक्त इंग्रजीत करून ‘भाषेचा विलंब’ लिहिणं हे अन्यायाचं आहे. कोणत्या भाषेत तपासलं ते अहवालात लिहायचंच.

श्रवणयंत्र किंवा इम्प्लांट असलेलं मूल वर्गात असेल तर शिक्षिकेला डॅनियल लिंग नावाच्या तज्ज्ञांची सहा ध्वनींची चाचणी शिकवून ठेवा: आ, ई, ऊ, श, स, म. तोंड झाकून एकेक ध्वनी म्हणायचा, मुलानं परत म्हणायचा. सकाळी दोन मिनिटांचं काम. बॅटरी संपल्याचं कळायला तुमच्या गुरुवारच्या फेरीची वाट बघावी लागत नाही.

पाच वर्षांनी

सीआरआर प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. नूतनीकरणासाठी सतत पुनर्वास शिक्षणाचे, म्हणजे सीआरईचे गुण जमवावे लागतात. परिषदेनं मान्य केलेल्याच कार्यक्रमांचे गुण धरतात. एखाद्या श्रवणयंत्र कंपनीनं हॉटेलात जेवण देऊन घेतलेलं सादरीकरण त्यात मोजलं जाईलच असं नाही, आधी विचारा. गुण दरवर्षी थोडे थोडे घ्या. चार वर्षं काहीच न करता पाचव्या वर्षी तीन कार्यशाळा एका महिन्यात उरकणाऱ्यांची दमछाक बघण्यासारखी असते. शाळेतल्यांनी या कार्यक्रमांसाठी रजेची सोय नेमणूक पत्रातच करून घ्यावी.

परदेशात शाळेत काम करायचं असेल तर

ही गोष्ट लग्नानंतर किंवा जोडीदाराच्या नोकरीनिमित्त अमेरिकेला जाणाऱ्या मुली फार विचारतात. तिथे आपली बीएएसएलपी पूर्ण पात्रता धरत नाहीत. स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजिस्टला मास्टर्स लागतं, ऑडिओलॉजिस्टला डॉक्टरेट पातळीची एयूडी पदवी. अमेरिकेतली वाक्-श्रवण संघटना ‘आशा’ हिच्या स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीच्या प्रमाणपत्रासाठी शिक्षणकाळात ४०० क्लिनिकल तास, प्रॅक्सिस परीक्षा आणि त्यानंतर किमान ३६ आठवड्यांची, १,२६० तासांची क्लिनिकल फेलोशिप असते.

पण आशाचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, परवाना राज्य देतं. आणि आपल्याकडे नसलेली गोष्ट तिथे आहे: शाळेसाठी वेगळं प्रमाणपत्र. कॅलिफोर्नियात शाळेत काम करायला शिक्षकांना प्रमाणपत्रं देणाऱ्या राज्य आयोगाकडून क्रेडेन्शियल घ्यावं लागतं. क्लिनिकचा परवाना देणारं मंडळ निराळं. न्यूयॉर्कमध्ये शाळांसाठी टीएसएसएलडी नावाचं शिक्षक प्रमाणपत्र आहे. टेक्सासमध्ये टीडीएलआर हा विभाग परवाना देतो. राज्य बदललं की कागद बदलतात, त्यामुळे कुठे राहणार हे ठरल्याशिवाय अर्जांवर पैसे घालवू नका. व्हिसावर काम करायची परवानगी आहे का, हा प्रश्न तर त्याच्याही आधीचा.

ब्रिटनमध्ये स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट हे पदनाम कायद्यानं राखीव आहे आणि त्यासाठी एचसीपीसीकडे, म्हणजे तिथल्या आरोग्य व्यावसायिकांच्या परिषदेकडे, नोंदणी लागते.

जाण्याआधी भारतातच तीन कामं उरका. विद्यापीठाकडून सीलबंद गुणपत्रकं काढा. तिथून मागवायला महिने जातात. क्लिनिकल तासांचा तपशील, कोणत्या विकाराचे किती तास आणि देखरेख कोणाची, विभागप्रमुखांच्या सहीनं घ्या, कारण ते निवृत्त झाले की तो तपशील कोणी देत नाही. आणि पुनर्वास परिषदेकडून गुड स्टँडिंग प्रमाणपत्र, म्हणजे तुमची नोंदणी चालू आणि निर्वेध असल्याचा दाखला, घ्या. त्यासाठी सीआरआर चालू असावी लागते, म्हणून नूतनीकरण जवळ आलं असेल तर आधी ते करून मगच विमानाचं तिकीट काढा.